लेबल निघालेली बाटली

हॉस्पिटलातली ती पोलीस चौकी अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

परळच्या हॉस्पिटलात माझी तीन वर्षांची पोर, तिच्या हाडात रक्तच बनत नव्हतं. नवरा बोटीवर, सासू बोलली, आमच्यात असले आजार नाहीत, आणि तिने फोन उचलायचंच सोडलं. माझ्याशी बोलायचा तो एकच माणूस, बाजूच्या लॅबमधला शिपाई, आमच्या मालवणकडचा. "काय गो बाय, चेडू जेवला?" असं पोरीचं विचारायचा, माझ्यातला अर्धा चहा पिऊन वर मलाच, "साखर लपवून ठेवलंस मगे?"

त्यानेच सांगितलं, लॅबमध्ये एक औषध आहे, माणसाच्या अंगात रक्त वाढवणारं जे असतं ना, तेच, पण जंतूंकडून बनवून घेतात. रक्ताच्या कोवळ्या पेशींवर टाकलं की त्या भराभर वाढतात, तो बघायचा ना तिथे. एक दिवस बर्फात घालून बोटाएवढी बाटली आणली. "दुधातना दी." मी दिली.

मग पोरीला ताप भरला, उलट्या झाल्या. उशीखाली बर्फाच्या पिशवीतली बाटली सिस्टरला सापडली, डॉक्टरांनी पोलीस बोलावले. बर्फाच्या पाण्याने लेबल निघालेलं, आत काय होतं कुणालाच कळेना.

खाली चौकीत नेलं. साहेब वयस्कर, रिटायरला आलेले.

"कुठून आणलीस?"

"सापडली. जिन्यात."

"आणि बर्फ? तो पण जिन्यात?"

लेडी कॉन्स्टेबल फिसकन हसली. नाव घेतलं तर तो आत जाणार, मग त्या अख्ख्या हॉस्पिटलात मला कोण होतं?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ पोरी, चोरीचं मी नंतर बघीन. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय डॉक्टर पुढचं औषध देत नाहीत. वर थांबलेत ते. बोल."

मी बोलली. एका दमात, त्याचं नाव, लॅब, मजला, सगळं.

त्याला धरून आणलं. त्याने औषधाचं नाव सांगितलं, साहेबांनी लगेच वर फोन लावला. डॉक्टर बोलले, नशीब, तोंडावाटे गेलं, ते पोटात पचून जातं, ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे. सुईने टाकलं असतं तर जिवावर बेतलं असतं. ते माणसाला द्यायचं नव्हतंच, नुसतं संशोधनाचं.

तो साहेबांना एवढंच बोलला, "तिका काय म्हायत नव्हता. तिका सोडा." माझ्याकडे बघितलं पण नाही.

साहेब बोलले, "बरोबर केलंस." केलं असेल. पण बरोबर करून वर आली तर बाकड्यावर शेजारी कोणीच नव्हतं.

पोर आता जरा खाते-पिते. साहेब रिटायर झाले, केस चालू आहे, आणि साक्ष मलाच द्यायची आहे. बाटली त्यानेच दिली, हे सांगणार. माझ्या पोरीसाठी दिली, हे पण सांगणार, कोणी विचारलं नाही तरी.