दिरांच्या बँडमधली चौथी

धाकटे दीर दिवसभर पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी माळ्यावर गिटार बडवायचे. शिकले कुणाकडेच नाहीत. तीन कॉर्ड जमल्या, लगेच बँड काढला: ते, एक रंगारी आणि एक पोस्टमन. ड्रमचा स्टँडसुद्धा पंपाच्या पाइपांचा.

"याला पंक म्हणतात, वहिनी. गुरू नाही, कंपनी नाही. गाणं आपलं, कॅसेटही आपणच भरायची."

"आणि ऐकायचीही तुम्हीच," वहिनी म्हणाली.

एकदा टाकीतलं पाणी संपलं म्हणून तिनं जिन्यातून हाक मारली, तर वरचा गोंगाट एकदम थांबला. दीर धावत खाली आले.

"हाच आवाज हवा. गाणार?"

"मी? देवापुढे दोन ओळी म्हणते, त्याही बेसूर."

"आम्हाला तरी कुठं काय येतंय?"

हसण्यावारी नेलं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून हातातली कामं उरकून ती माळ्यावर जाऊ लागली. गाणं कोरड्या नळावर होतं. ती पोटातून ओरडायची. प्रार्थनेनंतर वाटतं तसं हलकं वाटायचं, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली.

कार्यक्रमासाठी दिरांनी शाळेचा हॉल मागून घेतला, स्वतः झाडला. हातानं रंगवलेल्या पोस्टरवर चौथं नाव होतं, नुसतं 'वहिनी'. कार्यक्रमाच्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "जा की. भाताचं मी बघतो."

"नको. माझी पोथी राहिलीये."

पोथी तिनं सकाळीच वाचली होती. अडवलं कुणीच नव्हतं; तिनं देवाला पुढं केलं आणि स्वतः मागं लपली. तिच्या ओळी रंगाऱ्यानं रेटून नेल्या. दीर घरी आले, म्हणाले, "चालतं, वहिनी." पुन्हा कधी विचारलं नाही. पुढं पोस्टमनची बदली झाली आणि बँड मोडला.

परवा, इतक्या वर्षांनी, दीर अंगणात पंप खोलून बसले होते. केस पिकलेले, एका कानानं कमी ऐकू येतं. तिनं धीर केला.

"भाऊजी, ते नळाचं गाणं पुन्हा बसवायचं का?"

"शब्द कुणाला आठवतायत आता?"

तिला आठवत होते. ती खालच्या आवाजात म्हणू लागली. दिरांनी चांगला कान तिच्याकडे केला, दोन ओळी ऐकल्या.

"हळू म्हणायचं नव्हतं ते, वहिनी."

शेजारची खिडकी उघडी होती. तिनं तिकडे पाहिलं, पुढची ओळ तोंडातच ठेवली, आणि खाली पडलेला पाना उचलून त्यांच्या हातात दिला.