लवूचो वाटो

लवूला कोणी विचारलं, "तू करतंस काय रे?" तर जेटस्की चालवतो असं तो कधी सांगायचा नाही. "मी रापणकर," म्हणायचा. अंगात नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी, मनगटाला मशीनची लाल दोरी, डोळ्यांवर पुतण्याने दिलेला काळा चष्मा, आणि म्हणे रापणकर! किनाऱ्यावरची माणसं तोंडावर हसायची. पाठीमागे हसायची पद्धत आमच्याकडे नाही. त्यात मजा काय?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्ध्या चंद्रासारखं टाकत नेतात. दोन्ही टोकांचे दोर वाळूत आले की दोन्हीकडे तीस-चाळीस माणसं कमरेत वाकून ओढायला लागतात. तासभर लागतो, कधी जास्त. मग वाळूत जे येईल त्याचे वाटे. दोर ओढला त्याला वाटा. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. पण घराचा वाटा वेगळा. ज्या घराला पहाटे नाव घेऊन हाक येते, ज्या घरात मयत झालं तर त्या दिवशी रापण बंद राहते, त्या घराचा तो वाटा. त्याला अट एकच. हंगामात लागोपाठ तीन रापणींना घराच्या कर्त्याचा हात लागला नाही की घर रापणीतून गेलं. गेलं ते गेलं.

लवूच्या घराचा वाटा पणजोबापासूनचा. शिवाय लवूचा डोळा. वाळूच्या उंचवट्यावर उभा राहून तो पाण्याचा रंग बघायचा आणि सांगायचा, "बांगडो आसा. दोन वाव पाण्यात. दक्षिणेक सरकता हा." होडीवाले तसे जायचे आणि बांगडा तिथेच असायचा. या डोळ्यापायी त्याला माज होता, आणि तो कोणी काढू शकला नव्हता.

कायद्याचा माज तर त्याहून मोठा. सात वर्षांमागे त्याच्या चुलतभावाचा, भाईचा पाय होडी वर चढवताना ओंडक्याखाली सापडला. गुडघ्याखाली चुरा झाला. भाईच्या दोन रापणी चुकल्या. तिसरीला त्याच्या मुलाने, सुदेशने, बापाला पाठुंगळी घेऊन आणलं, उलट्या क्रेटवर बसवलं आणि दोर हातात दिला. भाईने तो दोन्ही मुठींत धरला, ओढलासुद्धा. रापणीचा प्रमुख महादू इकडेतिकडे बघत होता. त्याच्या मनात, जाऊ दे, होतं. बोलला लवू.

"बसान ओढलेलो दोर तो दोर न्हय. पाय वाळूत रोवलेलो होयो. पाय नाय तर वाटो नाय."

चूक काढायला जागा नव्हती. भाईचं घर गेलं. तेव्हा भाईच्या डोळ्यांत पाणी आलं, असं लोक सांगतात. लवू सांगायचा, ऊन होतं.

सुदेश त्यानंतर गोव्याला गेला. पाच वर्षांनी आला तो दोन जेटस्की घेऊन. किनाऱ्यावर छप्पर घातलं, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, बोर्ड लावला. एक खुर्ची सुरूच्या झाडाखाली बापासाठी ठेवली. आणि एके दिवशी लवूच्या ओटीवर येऊन बसला.

"काका, तुमच्यासारखो पाणी वळखणारो माका खंय गावतलो?"

लवू फुगला. रापणी कमी झाल्या होत्या. पूर्वी हंगामात पन्नास लागायच्या, आता पंधरा. त्यातल्या निम्म्यांत नुसती जेलीफिश. हो म्हणायला त्याने चहा संपायचीही वाट बघितली नाही.

सुदेश गेल्यावर बायको, काशीबाई, बाजाराची टोपली धुता धुता म्हणाली, "अवो, तो तुमका कामाक ठेवणा नाय. दावणीक बांधता."

"तुका काय कळता?"

"माका मासो कळता. आणि मासो गळाक कसो लागता ताय कळता."

त्या डिसेंबरात पहिली रापण चुकली ती शाळेच्या सहलीपायी. साठ पोरं, सगळ्यांना फेरी हवी. दुसऱ्या रापणीच्या सकाळी मशीनचा कसलासा सुटा भाग आणायला सुदेशने त्याला कसालच्या बाजारात पाठवलं. तो भाग कसालला नव्हताच. लवू रिकाम्या हाताने परत आला तेव्हा वाळूत माशांची खवलं तेवढी चमकत होती.

तिसऱ्या रापणीची हाक द्यायला महादू स्वतः दारात आला. "लवू, आज तिसरी हा."

"माका सांगतंस? कायदो माझ्याच तोंडातलो."

"म्हणान तर सांगतंय," महादू म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

नऊच्या सुमाराला होडी जाळं टाकत अर्ध्यावर पोचली होती. एक दोर वाळूत आला होता, दुसरा यायचा होता. दोन्ही दोर आल्याशिवाय ओढ सुरू होत नाही. लवू हात चोळत वाळूत उभा होता. काशीबाई टोपली घेऊन बायकांत बसली होती. तेवढ्यात सुदेशची शिट्टी वाजली.

छपराखाली सांगलीचं नवं जोडपं उभं होतं. प्रीतम आणि रसिका. दोन दिवसांसाठी आलेले, अकराला निघायचे होते. रसिका पाण्याला घाबरत होती. प्रीतम बायकोसमोर घाबरत नव्हता.

"सुदेश, रापण लागली हा," लवू म्हणाला.

"दोर येवक अजून वेळ आसा. धा मिन्टांची फेरी. धा मिन्टांत तुमचो कायदो बुडणा नाय."

"दुसऱ्या कोणाक धाड."

"दुसरो गिराईक घेवन गेलो हा. नको तर जॅकेट थंय खुंटीक लावा आणि जावा." हे सुदेश हसत म्हणाला. सुरूखाली भाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

लवूने होडीकडे बघितलं. दुसरा दोर यायला पाव तास तरी होता. दहा मिनिटं म्हणजे काय? परत येऊन पाय रोवला की झालं. त्याने प्रीतमला मागे बसवलं आणि मशीन सोडलं.

"काका, जरा जोरात! उडवा ना!" प्रीतम एका हाताने लवूचं जॅकेट आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून ओरडत होता. लवूने जाळ्याच्या बाहेरून मोठा फेरा घेतला आणि वळता वळता त्याला दिसलं.

पाणी काळं पडलं होतं. वर नुसतं शहारत होतं, अंगावर काटा यावा तसं. बांगडा. असा थवा त्याने दहा वर्षांत बघितला नव्हता. आणि तो दक्षिणेच्या उघड्या बाजूने, जाळं अजून पुरतं मिटलं नव्हतं तिथून, बाहेर सरकत होता. वाळूतून कोणाला दिसणार नव्हता. असं झालं की पूर्वी होडी धावत जायची आणि माणसं वल्ह्यांनी पाणी धोपटून मासा आत वळवायची. होडी तर दुसऱ्या टोकाला.

लवू दहा मिनिटं विसरला. त्याने मशीन थव्याच्या अंगावर घातलं. गुरं वळवणाऱ्या कुत्र्यासारखा या अंगाने गेला, त्या अंगाने गेला. प्रीतमला वाटलं, आपल्यासाठीच चाललं आहे. तो किंचाळून दाद देत होता. चौथ्या फेऱ्याला अख्खा थवा कूस बदलल्यासारखा वळला आणि जाळ्यात शिरला. होडीने मागून जाळं मिटवलं. किनाऱ्यावरून एकच आरोळी उठली. महादूने दोन्ही हात वर केले. लवूला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिथेच मशीन खोकलं आणि बंद पडलं.

जेटस्की पोटाखालच्या तोंडातून पाणी ओढते. तिने वेफर्सची मोठी पिशवी ओढली होती. लवूने बुडी मारून बघितलं. पिशवी आत पिळून बसली होती, बोटं पोचत नव्हती. वर आला तेव्हा जमिनीवरून सुटलेला मतलई वारा मशीनला हळूहळू बाहेर लोटत होता. त्याने शिट्टी फुंकली. छपराखाली सुदेशने वर बघितलं, हात उंचावला, थांबा म्हणून, आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. तोवर दुसरं मशीन परत येऊन वाळूत उभं राहिलं होतं. तिथून ते हललं नाही.

दुसरा दोर वाळूत आला. ओढ सुरू झाली.

"काका, आपण बुडणार का?"

"जॅकेट आसा तुका. बुडशीत कसो?"

"मला पोहता येत नाही हो!"

"माका ओढूक व्हया," लवू म्हणाला. त्याचा प्रश्नाशी संबंध नव्हता.

तासभर तो तसा पाण्यात बसून आपलीच रापण बघत होता. माणसं मागे मागे जात होती, दोर वाळूत वेटोळे घालत होता. मध्ये कोणीतरी रसिकाच्या हातात दोर दिला. आधी ती हसली, मग लाजली, मग चपला काढून खरोखरच ओढायला लागली.

"ती बघा रसिका! फोटो काढतायत तिचे," प्रीतम म्हणाला. एवढ्या भीतीतही त्याला बरं वाटलं.

लवूने बघितलं. पोरीचे पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतले होते. बरोबर रोवले होते.

जाळं जवळ आलं, लांबूनही फुगलेलं दिसायला लागलं, तेव्हा त्याने जॅकेट काढून सीटवर टाकलं. "ह्या धरून बस. सुदेश येतलो."

"काका? ओ काका! मला सोडून कुठे...?" पुढे प्रीतम जे बोलला ते त्याने बायकोसमोर कधी म्हटलं नसावं.

लवू पोहला. पंचावन्न वर्षांचा बाप्या विशीतल्यासारखा पोहला. चष्मा कुठे गेला कळलं नाही. जाळ्याची बाजू त्याला गवसली तेव्हा पायाखाली पुरुषभर पाणी होतं. त्याने दोर धरला, जीव खाऊन ओढला आणि ओरडला, "हात लागलो! महादू, हात लागलो!"

दोर त्यालाच ओढत घेऊन गेला. पायाला वाळू लागली तेव्हा जाळ्याचं पोट सुक्यात आलं होतं, माणसं दोर टाकून माशावर वाकली होती. लवूने पाय रोवले, मुठी आवळल्या, ओढलं. दोर सैल होता. हसत हसत आला.

"लागलो हात," तो धापा टाकत म्हणाला.

महादूने बांगड्यांचा ढीग बघितला. ढिगापलीकडून लवूला बघितलं. "पाण्यातसून लागलो. पाण्यातसून मासोय हात लावता."

लोक हसले. बायकासुद्धा.

"अरे, मासो मीच आत घातलंय!"

"मशीनीन घातलंस. मशीनीक वाटो देवया?" महादू म्हणाला आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "ओढीच्या वेळार पाय खंय होतो तुझो?"

पायाचं ते वाक्य कोणाचं होतं ते वाळूतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याने मुठीतला दोर सोडला.

वाटे पडले. गावदेवीचा पहिला, विधवांचा दुसरा, होडीचा, जाळ्याचा, मग घराघराचे. रसिकालाही मिळाला, कारण तिने अर्धा तास ओढलं होतं. भला मोठा वाटा, फडफडणारा.

"अय्या, नको हो! गाडीत वास येईल," ती म्हणाली. इकडेतिकडे बघितलं तर जवळच एक ओलाचिंब, काटकुळा म्हातारा उभा. जॅकेट नाही, चष्मा नाही, तिने त्याला ओळखलं नाही. "काका, तुम्ही घेता का? बिचारे."

लवूने हात मागे घेतले. काशीबाईने पुढे होऊन टोपली धरली. "घाल गो बाय."

"काशी!"

"गप ऱ्हवा. घरात चूल आसा." तिने टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराची वाट धरली. महादूने मान दुसरीकडे फिरवली.

सुदेश दुसरं मशीन घेऊन गेला आणि प्रीतमला घेऊन आला. प्रीतम पांढराफटक पडला होता. "हा माणूस मला समुद्रात टाकून पळाला! मी तक्रार करणार!" रसिका फोटो दाखवायला धावली, त्याने बघितले नाहीत.

"तुमचं बरोबर आहे साहेब. त्याला आत्ताच काढला," सुदेश शहरी मराठीत म्हणाला आणि लवूकडे वळला. "शिट्टी दिया, काका."

लवूने शिट्टी गळ्यातून काढून दिली. लाल दोरी मनगटालाच होती, तीही सोडून दिली.

सुरूखालून काठीचा आवाज झाला. भाईने शेजारची रिकामी खुर्ची काठीने पुढे ढकलली होती. "बस रे लवू. हयसून रापण बरी दिसता."

लवू त्या दिवशी बसला नाही. घरी गेला. पुढच्या रापणीच्या पहाटे तो ओटीवर कपडे घालून तयार बसला होता. हाक शेजारच्या दारात थांबली, नंतर पलीकडच्या दारात. मधल्या, लवूच्या दाराला हाक आली नाही.

पंधरा दिवसांनी तो सुरूखाली, भाईशेजारच्या खुर्चीवर बसला. आता दोघे असतात, सकाळपासून. गावात दुसऱ्या कोणाकडे तो डोळा नाही, त्यामुळे रापण निम्म्या वेळा रिकामीच येते. मासा लवूला अजूनही सगळ्यांच्या आधी दिसतो.

"आसा?" भाई विचारतो.

"आसा. मोठो थवो."

महादू वाळूच्या उंचवट्यावर डोळ्यांवर हात धरून उभा असतो, बघत असतो, त्याला दिसत नाही. खुर्चीवरचे दोघे काही बोलत नाहीत. मासा निघून जाईपर्यंत बघत राहतात.