जाता जाता नळ बघून जा

"आमच्या इथल्या बाथरूमचा नळ गळतोय बरं का. जाता जाता तेवढा बघून जा."

हे मला पक्षाच्या अध्यक्षांनी सांगितलं. कधी? तर मी नगरसेवकपदाच्या उमेदवारीसाठी मुलाखत द्यायला बसलो होतो तेव्हा. टेबलापलीकडे पाच जण. पाचही हसले. त्या पाचांत एक आमचे सर होते.

मुलाखत म्हणजे दहा मिनिटांचा मामला. नाव, प्रभाग, शिक्षण. मी म्हणालो, "बारावी. नंतर आयटीआय, प्लंबर." काम काय? मी सांगितलं, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ठेकेदाराकडे सात वर्षं व्हॉल्वमन होतो. व्हॉल्वमन म्हणजे पाणी सोडणारा माणूस. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत घालायची, आणि ज्या गल्लीची वेळ असेल तिचा व्हॉल्व उघडायचा, वेळ संपली की बंद करायचा. अध्यक्ष म्हणाले, "ते ठीक आहे. पण नगरसेवक होऊन काय करणार? तिथं बजेट असतं, ठराव असतात." मी सांगायला लागलो. आमच्या प्रभागात टाकी रोज भरते, तरी टोकाच्या चार गल्ल्यांत बादलीभर पाणी येत नाही. कारण मधल्या नव्या इमारतींना जुन्याच बारीक लाइनवर जोडण्या देऊन टाकल्या. तो ठराव सभागृहातच झाला होता. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या एकालाही ती लाइन किती इंची आहे ते माहीत नव्हतं.

एवढं बोललो, आणि नळाचं ते वाक्य आलं.

मी काय केलं सांगू? लाज वाटते, पण सांगतो. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो आणि नळ दुरुस्त केला. वायसर गेला होता. पिशवीच्या कप्प्यात एक सापडला, तो बसवला. सात वर्षांची सवय. गळता नळ दिसला की डोकं विचार करायच्या आधी हात कामाला लागतात. मुलाखतीसाठी मुद्दाम इस्त्री केलेल्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. बाहेर आलो तर माझ्या खुर्चीवर दुसराच इच्छुक बसलेला. माझी मुलाखत संपली होती. सर टेबलावरून म्हणाले, "हाताला गुण आहे पोराच्या."

आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. सरांनी चारचौघांत कौतुक केलं म्हणून मी ओल्या बाह्यांनी हसत जिना उतरलो. त्या हसण्याचा राग मला आजही त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त येतो.

सर कोण, ते सांगायला हवं. आमची वसाहत सातपूरच्या अंगाला. कंपनीत खपलेल्या माणसांची, बौद्ध घरांची. सर तिथलेच. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. विहाराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी अभ्यासिका काढली. माझे वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची आणि मी शाळा सुटली की सरांच्या खोलीत. जयंतीला स्टेजवर मला पहिल्यांदा उभं केलं ते सरांनी. मी दोन वाक्यांत अडकलो, रडायला आलो. सर माइकपाशी आले नाहीत. खालून म्हणाले, "तुझं तूच बोल. आम्ही ऐकतोय." मी बोललो. आज माझ्या तोंडाला जी काही जीभ आहे ती सरांची आहे, हे मी नाकारत नाही.

सर नेहमी म्हणायचे, "सभागृहात आपल्यातला माणूस बसला पाहिजे. भाड्यानं आणलेला नको." मी त्याचा अर्थ सरळ घेतला होता. आपल्यातला म्हणजे माझ्यासारखा.

कित्येक वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. मग एकदाची लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा राखीव निघाली. सरांनी घरी बोलावलं. म्हणाले, "या वेळी तू. वर माझं बोलणं झालंय. फक्त ते ठेक्याचं काम सोड. पालिकेच्या कामावरचा माणूस म्हणून कुणी हरकत घेतली तर छाननीत अर्ज उडेल."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई सायखेड्याची. शहरात तीस वर्षं झाली, बोलणं तिकडचंच राहिलं. म्हणाली, "सर म्हणत्यात तर सोड. पण लिहून घेतलं का काय?"

"आई, सरांकडून लिहून घेऊ?"

"नाय, मी आपलं इचारलं," म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी ठेकेदाराच्या माणसाकडे दिली. तो म्हणाला, "भावा, येडा झाला का? हे काम परत भेटत नसतं." मी त्याला म्हणालो, तुझ्या गल्लीचं पाणी मीच बघणार आहे, पण खुर्चीवरून. केवढा माज होता माझ्या बोलण्यात.

माझ्याकडे एक वही होती. शंभर पानी. सात वर्षांत तिच्यात अख्खा प्रभाग उतरला होता. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व कुठे, किती फेरे फिरवले की शेवटच्या घरापर्यंत पाणी जातं, कुठे लाइन गंजली, कुठे गटाराचं पाणी शिरतं. कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे आणि तिला दहा मिनिटं जास्त द्यायला लागतात. मुलाखतीनंतर सर म्हणाले, "ती वही दे. वर दाखवतो. तुझा अभ्यास त्यांना दिसला पाहिजे." मी दिली.

आमच्याकडे पक्षाची उमेदवारी खरी कुणाची हे अर्जावर ठरत नाही, एबी फॉर्मवर ठरतं. पक्षाचं ते पत्र ज्याच्या अर्जाला जोडलं तो उमेदवार. आणि ते पत्र शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात देतात. आधी दिलं तर नाराज मंडळी दुसरीकडे पळतात म्हणून. इच्छुकाने आपला अर्ज भरायचा आणि पत्राची वाट बघत निवडणूक कार्यालयाच्या दारात उभं राहायचं. मीही उभा राहिलो. थंडीचे दिवस, तरी काखेत घाम. सरांना फोन केला की एकच उत्तर. "येतोय. तू तिथंच थांब."

अडीच वाजता सर आले. बरोबर अनिकेत. सरांचा मुलगा. इंजिनिअर, पुण्याच्या कंपनीत, इथे कॉलेज रोडच्या फ्लॅटवर राहून काम करतो. अंगात नवा पांढरा कुर्ता, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. एबी फॉर्म त्याच्या हातात होता.

सर माझ्या बाजूने पुढे गेले, मग मागे वळले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, वरून निर्णय झाला. शिकलेला चेहरा पाहिजे म्हणाले. माझा नाइलाज झाला. नाराज होऊ नकोस."

ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्यासमोर माझी दातखीळ बसली. माझा अर्ज आत गेलेला होता. पक्षाचं पत्र नाही म्हणून छाननीत तो अपक्ष ठरला. त्या दुपारी घरी जाऊन पालथा पडलो. आईने जेवायला दोनदा हाक मारली, मग ताट झाकून ठेवलं.

इथपर्यंत मी सरांना माफ केलं होतं. हो. मी स्वतःची समजूत घातली होती. बापाचं काळीज आहे, चालायचंच. आणि खोटं कशाला बोलू, मलाही आतून वाटत होतं की त्यांचं बरोबर असेल. सभागृहात इंग्रजी येतं, आकडे येतात, अधिकारी अंगावर येतात. मी प्लंबर. माझी पायरी मी ओळखायला हवी होती.

मग अनिकेतचं पत्रक आलं. गुळगुळीत कागद, आत नकाशा. वर मथळा, प्रभागाच्या पाण्याचा अभ्यासपूर्ण आराखडा. मी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या वाचायला लागलो आणि चहा हातात गार झाला. पहिल्या गल्लीपासून माझी वही. माझीच वाक्यं, जरा धुऊनपुसून. एकट्या म्हातारीची दहा मिनिटंसुद्धा होती, फक्त तिला ज्येष्ठ नागरिक केलं होतं.

आणि सातवी गल्ली. तिथं छापलं होतं, "वडाखालील व्हॉल्व तातडीने बदलणार."

आता ऐका. सातव्या गल्लीत वड नाही. रस्ता काँक्रीटचा केला तेव्हा तो कापला आणि व्हॉल्वचं चेंबर पिठाच्या गिरणीसमोर आणलं. याला तीन वर्षं झाली. वहीत मी खाडाखोड करायची विसरलो, कारण मला वही बघून व्हॉल्व शोधायला लागत नव्हता, पाय आपोआप गिरणीसमोर थांबायचे. ती माझी चूक होती. माझी चूकसुद्धा त्यांनी उचलली. सातव्या गल्लीत एकदा पाय ठेवला असता तरी कळलं असतं. ती गल्ली सरांच्या अभ्यासिकेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

त्याच संध्याकाळी चौकात सभा होती. मी मागे उभा होतो. अनिकेत पत्रक बघून बोलत होता. लाइन किती इंची, पाणी कुठे अडतं. लोक टाळ्या वाजवत होते. तेच अध्यक्ष माइकवर आले आणि म्हणाले, "याला म्हणतात अभ्यास! असा तरुण सभागृहात गेला पाहिजे."

तिथं माझे डोळे उघडले. तेच शब्द, तेच अध्यक्ष. माझ्या तोंडून आले तेव्हा त्यांना गळका नळ आठवला. त्याच्या तोंडून आले तेव्हा अभ्यास. म्हणजे लायकी त्या माहितीत नव्हती, बोलण्यात नव्हती, पदवीत तर नव्हतीच. पदवीने वड कापलेला कळला नाही. ती चावी ज्याने हातात धरली तो नालायक आणि ज्याने त्याची वही हातात धरली तो लायक, एवढाच त्यांचा हिशोब होता. आणि तो हिशोब घालणारा आमचाच माणूस होता. वाड्यावरच्या कुणी हाकललं असतं तर मी तयार होतो. त्यासाठी सरांनीच मला तयार केलं होतं. सरांपासून सावध राहायला कुणी शिकवलं नव्हतं.

माघारीच्या दिवशी सकाळी सर घरी आले. एकटे. आईने खुर्ची पुसून दिली. सर म्हणाले, "तीनपर्यंत वेळ आहे. चल, सही करून येऊ."

मी म्हणालो, "नाही."

"तू निवडून येणार नाहीस."

"माहीत आहे."

"मग? मतं खाशील. आपली सीट पडेल. समाजाचं नुकसान होईल, आणि त्याला जबाबदार तू असशील." मग आवाज खाली आणला. "अनिकेत आला की तुला पाणीपुरवठ्यातच चिकटवू. पर्मनंटचं बघू. मी शब्द देतो."

आई भिंतीला टेकून उभी होती. सरांपुढे ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "सर, तुम्ही म्हनले म्हनून त्यानं काम सोडलं. आता तुम्ही म्हनता म्हनून अर्ज बी सोडायचा? मंग ऱ्हायलं काय त्याच्याकडं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना एकच विचारलं. "सर, मुलाखतीत अध्यक्ष नळाचं बोलले, तेव्हा तुम्ही का हसलात?"

सर म्हणाले, "सगळे हसले म्हणून."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ऐकू आलं नाही म्हणाले असते, तरी मी मान्य केलं असतं. बावीस वर्षं ज्या माणसाकडे मी मान वर करून बघितलं, तो चार लोक हसले म्हणून माझ्यावर हसला होता. एवढंच कारण. मी उठून दार उघडलं आणि बाजूला उभा राहिलो. सर गेले. उंबऱ्याबाहेर त्यांचा पाय अडखळला. मी हात पुढे केला नाही.

माघारीच्या दिवशी अपक्ष मोबाइल बंद करून गायब होतात. कुणी त्र्यंबकच्या बाजूला, कुणी पाहुण्यांकडे देवळ्याला. दबाव नको म्हणून. मी कुठे गेलो नाही. सातव्या गल्लीत गिरणीच्या पायरीवर जाऊन बसलो, मोबाइल चालू ठेवून. फोन आले. पक्षाचे आले, नात्यातले आले, अभ्यासिकेतल्या जुन्या मित्रांचे आले. प्रत्येकाला एकच सांगितलं, अर्ज राहणार. शेवटचा अनिकेतचा आला. म्हणाला, "आपण बसून बोलू ना, दादा." आयुष्यात पहिल्यांदा मला दादा म्हणाला. मी म्हणालो, "तीननंतर बोलू." तीन वाजून गेले. मग त्याचा फोन आला नाही.

आता वसाहतीत मला मतं खाणारा म्हणतात. काही जण रस्ता बदलून जातात. विहारात माझ्या शेजारी बसायला माणूस विचार करतो. हातात काम नाही, ठेकेदार दारात उभा करत नाही. पडेन, हे मला दिसतंय. अनिकेत माझ्यामुळे पडला तरी मला वाईट वाटणार नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

पण मी घरोघर जातोय. प्रत्येक दारात उभा राहून सांगतोय की मी व्हॉल्वमन होतो, बारावी शिकलोय आणि मला तुमच्या सभागृहात बसायचंय. या वेळी नाही जमलं तर पुढच्या वेळी. तेव्हाही हसतील, तर पुन्हा त्याच्या पुढच्या वेळी. माझ्या वतीने बोलणारा मला आता नको. सर नकोत, सरांचा मुलगा नको, आपल्यातला म्हणवून घेणारा कुणीच नको. माझं मी बोलणार आहे. त्यांना ते समोर बसून ऐकावं लागेल.