दर हजारी तीनशे

काकू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या. कुरियरवाला आला की कागद माझ्याकडे सरकवायच्या. "सोहम, तूच कर सही, चष्मा सापडत नाही." चष्मा नाकावर असे. हिरवा गॉगल चढवला की आधी पदर खोचायच्या, मगच लेसर यंत्राचं बटण दाबायच्या.

मंदाकिनीकाकू विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, मूळच्या सोलापूरच्या. प्रताप नगरात एकट्या राहायच्या. वरच्या खोलीत मी भाडेकरू, मराठीत एम.ए. करून जयपूरला नोकरीला आलेला.

त्यांचे हात थरथरतात हे फक्त मला माहीत होतं. संक्रांतीला मुलगा अनिमेष पुण्याहून येणार होता. नातवाचं बोरन्हाण आजीच्या घरी ठरलं होतं.

"त्याला कळलं तर गाठोडं उचलावं तसा उचलून नेईल मला," त्या म्हणाल्या. "मला इथंच राहायचंय."

हलव्याच्या दागिन्यांसाठी पुठ्ठ्याचे आकार लागतात. कात्री आता जमत नव्हती. म्हणून एका रबरी शिक्के बनवणाऱ्याकडून त्यांनी जुनं लेसर कटर आणलं आणि त्याला नवा कंट्रोलर स्वतः जोडला. पुस्तक वाचून. मी बघत राहिलो.

पण यंत्र पुठ्ठा कापेना, जाळायचं. खोलीत निळसर धूर तरंगायचा. खिडकीबाहेर पतंग, आत धूर. दोन्ही तितकेच सावकाश.

"संगणकावरच्या आज्ञेत S पुढचा आकडा म्हणजे किरणाची ताकद," काकूंनी समजावलं. त्यांनी तीनशे लिहिले. मग दोनशे. मग दीडशे. डाग तेवढाच काळा.

"लेसरची नळी बिघडली असेल," मी म्हणालो.

"साहित्यवाल्या, गप बस. आकडा बदलून डाग बदलत नाही, तर आधी आकड्यावर संशय घ्यायचा. आणखी उतर."

मी टाइप करत गेलो. शंभरलाही तेच. नव्वदला कडा किंचित उजळली. पन्नासला तपकिरी.

"काकू, तीनशे म्हणजे तुम्हाला किती हवे होते?"

"तीस टक्के."

"मग तीस लिहा ना!"

त्या थबकल्या. "अरे देवा. मी हजारातले तीनशे धरले, या कंट्रोलरची पूर्ण ताकद शंभरच! वरचं सगळं हा शंभरच धरतोय." मग हसत सुटल्या. "पस्तीस वर्षं हप्त्याचा दर हजारी सांगितला रे. शेकडा डोक्यात येतच नाही."

तीस लिहिल्यावर लाल ठिपका पुठ्ठ्यावरून पाण्यावरून जावा तसा गेला. मुकुट अलगद सुटला. हलवा मी चिकटवला.

बोरन्हाणात काकूंच्या हातातलं माप डगमगलं, बोरं चौफेर उडाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. बोरं उडायचीच असतात. मग नातवाच्या मुकुटाची सुटलेली दोरी पुन्हा बांधायची होती. गाठ बसेना. एकदा, दोनदा. अनिमेष समोरच बसला होता. त्याने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी घराला कुलूप होतं, काकू पुण्याला. किल्ली माझ्याकडे.

काल त्यांचा संगणक उघडून पाहिला. वळणावर यंत्र मंदावतं, तिथं तीसनेही डाग पडतो. म्हणून बाजूबंदाच्या फुलात काकू प्रत्येक वळणाचा आकडा हाताने कमी करत होत्या. फुलाला सात पाकळ्या. चौथीपर्यंत आकडे बदललेत. पाचवीपासून पुढे तीसच.