दुर्बिणीची खंडेनवमी

मागाला जे मानवतं ते बंदुकीला मानवत नाही, हे मला भर मैदानात, चारचौघांसमोर कळलं.

आम्ही वडगावचे. खाली पॉवरलूम, वर बिऱ्हाड. आमची पल्लवी एअरगन चालवते. (घरात नेम चुकणारा मी एकटाच!) दसरा झाल्यावर तिच्या नेमबाजी क्लबच्या संघाची निवड होती आणि त्या संघासाठी पोरीनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. म्हणून बापाच्या मायेनं मी नेम धरायची दुर्बीण मागवली.

दुर्बीण आली, पण बसेना! बंदुकीच्या पाठीवर रेल असते, तिला दुर्बिणीच्या रिंगा दोन्हीकडून चावून धरतात. ही रेल दोन तऱ्हेची : एक अरुंद, तिरप्या कडांची, दुसरी रुंद, आडव्या खाचांची. आमची रेल अरुंद. मी मागवलेल्या रिंगा रुंद!

"अण्णा, आधी माप बघाय नको व्हय?" पल्लवी म्हणाली.

"माप कशाला? ढिलं झालं की चिंधी कोंबायची. आपला माग त्येच्यावरच चालतोय की!"

मी खरोखरच साडीच्या काठाची चिंधी कोंबली. जरीत दुर्बीण नवरीसारखी दिसत होती. पहिल्याच गोळीच्या झटक्याला नवरी कलंडली आणि छर्ऱ्यानं परसातली बादली फोडली. बादली सौ.ची, लाडकी. त्या दिवशी मला जेवायला कुणी हाक मारली नाही.

शेवटी पल्लवीनंच अरुंद रिंगा आणून आवळल्या, नेम जुळवला आणि मला दम भरला, "आता हात लावायचा न्हाय हं, अण्णा!"

मी लावलाही नसता. पण मध्ये खंडेनवमी आली! त्या दिवशी आम्ही माग पुसून, तेल देऊन पुजतो. बंदूक काय हत्यार नव्हे? तिला कोरडी कशी ठेवायची? मी दुर्बीण उतरवली, रेलला आणि रिंगांना आतून मागाचं तेल चोपडलं, परत आवळली आणि वर झेंडू वाहिला.

निवडीच्या दिवशी पल्लवीनं पहिली गोळी झाडली. दुर्बीण मागं सरकली. दुसरी झाडली. आणखी सरकली! थोड्या वेळानं ती पोरीच्या भुवईला टेकली आणि छर्रे शेजारी उभ्या नेमबाज पोरीच्या निशाणाच्या कागदात जाऊ लागले.

"माझ्या कागदावर का मारालीस गं?" शेजारीण ओरडली.

ट्रेनर धावत आले. रेलवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "तेल? अहो, रिंगा कोरड्या रेललाच धरून ऱ्हातात! ह्यो उद्योग कुणाचा?"

मी लांबचं नारळाचं झाड निरखू लागलो. पोरीची वर्षाची मेहनत मी पळीभर तेलात बुडवली होती.

पल्लवीनं दुर्बीण काढून माझ्या हातात कोंबली. "धरा. लांबनं बघा." आणि नळीच्या टोकावरच्या साध्या माशीनं, म्हणजे नेमाच्या खुंटीनं, नेम धरून उरलेल्या गोळ्या अशा मारल्या की शेजारीणही बघत राहिली!

संघात तिचं नाव अगदी शेवटचं लागलं. मी ओरडलो, उड्या मारल्या, रडलोसुद्धा!

ट्रेनर म्हणाले, "पोरगीला घेतलं. पण एक अट हाय. बंदूक हितनं फुडं क्लबातच ऱ्हाणार."

पल्लवीनं माझ्याकडं न बघता मान डोलावली. सौ.नं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ते पोरगी संघात गेली म्हणून की बंदूक माझ्या हातातनं गेली म्हणून, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही!