पांढऱ्या कासवाची जागा

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी होडीत पाऊल टाकलं नाही, त्याच्याइतका पट्टीचा दर्यावर्दी मी दुसरा पाहिलेला नाही. कंपनीच्या बसमध्ये नऊ वर्षं हे गृहस्थ माझ्या शेजारी बसत. मी लोणावळ्याला चढायचो, ते कार्ला फाट्यावर, आणि नवलाख उंबऱ्याला कंपनीचं गेट येईपर्यंत आमच्या गप्पा चालत. कंपनीत लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायचो. घर लोहगडवाडीत, गडाच्या ऐन पायथ्याशी. एकदा कंपनीची सहल पवना धरणावर गेली तेव्हा सगळे बोटीत बसले आणि भाऊ काठावर आमच्या चपलांची राखण करत राहिले. पाणी लांबून बघावं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि हाच माणूस दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, तीन शिडांचं जहाज घेऊन समुद्री चाच्यांच्या मुलखात हिंडत असे. अर्थात कॉम्प्युटरवर.

त्याचं असं झालं, की भाऊंच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली, तिने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना वडिलांना दिला. माउस धरण्याची सवय व्हावी म्हणून त्यावर एक खेळही घालून दिला. जगभरातली माणसं ऑनलाइन येऊन चाचे व्हायची, जहाजं हाकायची, पेटारे उकरायची आणि एकमेकांना बुडवायची. शिवाय खेळ करणाऱ्यांनी बेटाबेटांवर काही गुपितं दडवून ठेवली होती. कुठे दगडामागे दार, कुठे बाटलीतलं पत्र, कुठे कधीतरीच दिसणारा एखादा प्राणी. बाकीचे लोक मारामारीसाठी यायचे. भाऊ यायचे ते फक्त दडवलेलं शोधायला.

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वाडीत टपरी चालवायच्या आणि तिथला कोल्ड्रिंकचा फ्रिज हेच भाऊंचं बंदर. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांना वहिनी पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खाऊ घालायच्या, त्यामुळे त्या दोन दिवशी टपरीत पाय ठेवायला जागा नसे. गुरुवारी मात्र शुकशुकाट. वाडीत रेंज यायची ती नेमकी त्या फ्रिजच्या डोक्यावर, म्हणून लॅपटॉप तिथे ठेवायचा आणि भाऊंनी समोर उभं राहून खेळायचं. मी एकदा स्टूल देऊ केलं तर म्हणाले, "सुकाणूवर बसून चालत न्हाई, राव."

भाऊंची दुसरी खोड म्हणजे टकटक. ते तपासणी विभागात होते. ओतकाम होऊन आलेला प्रत्येक भाग लहानशा हातोडीने वाजवायचा आणि आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आधी वाजवून बघायची असते असा त्यांचा समज झाला होता. ते बसची काच वाजवत, कलिंगड वाजवत, माझ्या डोक्यावर असलेलं हेल्मेट वाजवत. नव्याने आलेल्या मॅनेजरचं टेबल त्यांच्या देखत वाजवून "ह्यात नुसता भुगा हाय, सायेब," असं सांगून ते शांतपणे बाहेर पडले होते. खेळातही ते तलवारीच्या मुठीने प्रत्येक खडक ठोकत चालायचे. लोक हसतील, पण अशी दोन गुप्त दारं त्यांनी निव्वळ कानाने शोधली होती.

बेटावर उतरले की ते कधी सरळ आत शिरत नसत. आधी देवळाला घालतात तशी उजवी प्रदक्षिणा, मग पाणी कुठून झिरपतंय ते बघायचं, आणि मग पाऊल उचलायचं. बेटांची मूळ नावं त्यांना तोंडात बसत नव्हती, म्हणून त्यांनी थोरली, धाकटी, खेकड्याची अशी स्वतःची नावं ठेवली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशे काढले. हे नकाशे बसमध्ये उलगडून ते मला समजावून सांगायचे. मावळात कागदावर नकाशा काढणारा माणूस म्हणजे प्लॉटचा एजंट अशी सर्वांची खात्री असल्यामुळे मागच्या बाकावरच्या दोघांनी मला बाजूला घेऊन, थोरलीच्या पलीकडचा तुकडा अजून शिल्लक आहे का, अशी चौकशी केली होती. शत्रूचं जहाज अंगावर आलं तर भाऊ माइक चालू करून मराठीतच त्यांची समजूत घालत. आपलं जहाज रिकामं आहे, गोळे कशाला वाया घालवता, असं ते घरच्या माणसाला सांगावं तसं सांगायचे. कोण कुठल्या देशातले ते चाचे, काय कळायचं त्यांना देव जाणे. काही निमूट वळून जायचे. काही बुडवायचे. भाऊ पुन्हा नवं जहाज घेऊन प्रदक्षिणेला लागायचे.

दर श्रावणात भाऊ माझ्यासाठी सागाच्या पानात बांधून रानातली अळंबी आणायचे. तशी अळंबी लोणावळ्याच्या बाजारात मिळत नाही. ती कुठे उगवते ते मला बघायचं होतं, आणि नऊ वर्षांत मी किमान पन्नास वेळा तरी त्यांना त्याबद्दल विचारलं असेल. पण वाडीचा एक रिवाज होता. अळंबीची, मधाची, खेकड्यांची जागा सांगायची नाही, दाखवायची. तीही सोबत चालत नेऊन, आणि ज्याची खात्री पटली आहे अशा एकालाच. भाऊंना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती. एकदाच भाऊंची चूक झाली. वाडीमागचा एक झरा त्यांनी कुणा पाहुण्याला नुसता तोंडाने सांगितला, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. आता त्या झऱ्यात वेफर्सची पाकिटं तरंगतात. ही गोष्ट भाऊंनी मला स्वतः सांगितली होती, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. मी शहरवजा गावातला माणूस, पण ती जागा भाऊंनी मला दाखवावी, त्या एकात माझी गणना व्हावी, असं मला फार वाटायचं. ते म्हणायचे, टाईम येऊ द्या.

मग एका गुरुवारी ते कासव वर आलं. भाऊ धाकटी बेटावर एका डबक्याकाठी होते, तेवढ्यात वहिनींनी सिलिंडर बदलायला हाक मारली. तलवार म्यानात घालून भाऊ गेले. परत येऊन बघतात तो डबक्यात एक पांढरंशुभ्र कासव डोकं वर काढून त्यांच्या चाच्याकडे बघत होतं. माउसला हात लावताच ते बुडालं. पुढचे सहा गुरुवार भाऊंनी त्या कासवाचा अभ्यास केला. हातात शस्त्र नको, कंदील नको, आणि एक चहा पिऊन होईपर्यंत जागचं हलायचं नाही. एवढी अट पाळली तरच ते वर यायचं. सगळे चाचे धावत असतात, म्हणून ते कुणालाच दिसलेलं नव्हतं. मी इंटरनेट धुंडाळलं. त्या कासवाबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती.

बसमध्ये त्यांनी मला जागेबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. गुरुवारी लॅपटॉप घेऊन घरी या, एवढंच म्हणाले. मी तो खेळ माझ्याही लॅपटॉपवर घालून घेतला आणि स्कूटरवरून लोहगडवाडीला गेलो. त्यांच्या पडद्यावर बघू दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण तसं नाही. मी माझा चाचा त्यांच्या जहाजावर चढवायचा, सगळा समुद्र सोबत ओलांडायचा, प्रदक्षिणा घालायची आणि मग आत शिरायचं. अडीच तास लागले. फ्रिजपुढे खांद्याला खांदा लावून आम्ही उभे, आणि पडद्यावर आमचे दोन चाचे तसेच डबक्याकाठी उभे. वहिनींनी चहा दिला. आम्ही माउसवरचे हात काढून चहा प्यायलो. शेवटच्या घोटाला ते कासव वर आलं. पाठीवर जुन्या अक्षरांसारखं काही कोरलेलं होतं. वहिनीसुद्धा हातातला झारा तसाच धरून बघत राहिल्या. मग भाऊ म्हणाले, "येत्या श्रावणात तुमाला अळंबीची जागा दावतो." त्या संध्याकाळी भाजे घाट उतरताना मी एकटाच हसत होतो.

पुढचं लिहायला हात जड होतो. हा खेळ खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता. त्यात एकाने लिहिलं, की या खेळातली सगळी गुपितं आता सापडली, नवीन काही उरलेलं नाही. मला राहवलं नाही. मी लिहिलं, पांढरं कासव पाहिलंय का? लोक हसले. एकजण म्हणाला, थापा मारतोय. झालं, माझा अहंकार उफाळून आला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, हातातला डबा तसाच ठेवून, मी बेट, डबकं, शस्त्र, चहा, सगळं चार ओळींत लिहून टाकलं आणि वर त्या दिवशी फोनवर काढलेला फोटोही जोडला. दहा मिनिटंही लागली नाहीत. डोंगराचा रिवाज डोंगरात, कॉम्प्युटरमधलं कासव काय कुणाच्या मालकीचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण तेही नव्हतं. हजारो अनोळखी माणसं माझी वाहवा करत होती आणि मला ते आवडत होतं.

पुढच्या गुरुवारी धाकटीभोवती जहाजांची एवढी दाटी झाली, की भाऊंना नांगर टाकायला जागा मिळाली नाही. ते कासव मारलं तर पांढरं कवच मिळतं आणि ते देऊन जहाजाला पांढरं शीड मिळतं, हा शोध तोवर कुणीतरी लावला होता. लोक पाळी लावून कासव वर यायची वाट बघत, बुडायच्या आत मारत, आणि पुढचा उभा राही. महिन्याभरात समुद्र पांढऱ्या शिडांनी भरून गेला. शेवटी खेळ करणाऱ्यांनीच ते कासव काढून टाकलं.

पण त्या पहिल्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, भाऊ नेहमीसारखे कार्ला फाट्यावर चढले आणि नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले. मी काहीतरी पुटपुटायला लागलो तर म्हणाले, "म्हाईत हाय. दोगालाच तर ठावं हुतं." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. कामशेत मागे पडल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तुमाला कुणी इचारलं हुतं, का तुमीच सांगितलं?"

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले, आणि बोटाने खिडकीची काच वाजवत बसले. हे खोटं मला त्या चार ओळींपेक्षा जास्त सलतं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी मिळालेलं घड्याळ त्यांनी सगळ्यांसमोर वाजवून बघितलं, तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. श्रावण आला आणि गेला, त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही, कोणत्या तोंडाने करणार? त्याच्या पुढच्या श्रावणात मात्र न राहवून एका गुरुवारी उठलो आणि लोहगडवाडी गाठली. फ्रिजवर लॅपटॉप नव्हता, लिंबांची टोपली होती. भाऊ वर गेलेत, असं वहिनी म्हणाल्या. तासाभराने ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, सागाच्या पानांचं मोठं गाठोडं घेऊन उतरले. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला, हे मी शपथेवर सांगतो. आग्रहाने जेवू घातलं, घरच्यांची चौकशी केली, आणि निघताना अळंबीचे दोन वाटे करून मोठा वाटा माझ्या पिशवीत घातला.

मी धीर करून विचारलं, "भाऊ, एवढी कुठे मिळाली?"

त्यांनी माझ्या हातातलं हेल्मेट दोनदा वाजवलं, कान देऊन ऐकलं. मग लोहगडापासून विसापूरपर्यंतच्या अख्ख्या डोंगरावरून हात फिरवून म्हणाले, "हितंच, वर." आणि मी स्कूटरला किक मारल्यावर जवळ येऊन म्हणाले, "फुडल्या खेपंला आदी फोन करत जावा. काढून ठिवीन."

आता मी दर श्रावणात आधी फोन करतो. मी पोचतो तेव्हा फ्रिजवर सागाच्या पानात बांधलेली अळंबी तयार असते.