उभी साळूबाई

आमचे हे जालन्याला मिशनच्या चर्चमध्ये पाळक होते. प्रवचन लांबवण्यात यांचा हात कुणी धरला नसता. सतरंजीवर बसलेल्या बायका निम्म्यात पेंगायच्या. पण सन बेचाळीसच्या ईस्टरपासून दोन वर्षं कुणी पेंगलं नाही, कारण दाराशी साळूबाई उभी असायची.

साळूबाई मिशनच्या दवाखान्यात पाणी भरायची. तिचा नवरा कचरू इंग्रजी पलटणीच्या भटारखान्यात लागला आणि लढाईवर ब्रह्मदेशात गेला. रंगूनहून एक कार्ड आलं. मग रंगून पडल्याची बातमी आली आणि त्यानंतर काहीच नाही. त्या ईस्टरला गीत संपलं, सगळे बसले, ही उभीच.

यांनी नंतर विचारलं तर म्हणाली, "नवस बोललेय, पाळकसाहेब. मालक घरी येईस्तोवर देवाच्या घरात बसायचं न्हाई."

हे हादरलेच. नवस खंडोबाला बोलतात, येशूला कुठे? पण हिचा बाप्तिस्मा झाला लग्नाच्या वेळी, तोवर ही वाढली ती आईच्या नवसांवरच.

"साळूबाई, येशू नवस घेत नाही."

"मंग काय घेतो?"

हे बायबल काखेत मारून घराकडे निघाले. घरी आल्यावर मी त्यावरून यांची भरपूर खेचली.

तशी ती कुठंच टिकून बसत नसे. गाडीची शिट्टी झाली की घागर आडावर तशीच टाकून स्टेशनाकडे पळायची. परत येऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायची. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचे रस्त्यावर. ते मला कसं कळलं, तर माझेही उघडेच असत. तिच्याकडे पाहून माझा जीव वरखाली व्हायचा आणि खरं सांगते, रागही यायचा.

दुसऱ्या वर्षी तिचे गुडघे सुजले. मी घरून स्टूल नेऊन दाराशी ठेवलं, तर तिनं ते पायानं बाजूला सारलं.

"देवाला काय तुझे गुडघे हवेत?" मी खेकसले.

"देवाला नसतील, बाई. पण मी बसले तर मालक गेले हे मीच कबूल केल्यावानी व्हईल."

मी स्टूल उचलून घरी आणलं. पण पुढच्या रविवारी गप्प राहवेना, पुन्हा म्हणालेच, "बस गं बाई आता."

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सरकारी लखोटा आला. इंग्रजीत होता, म्हणून ती तो घेऊन आमच्या ओट्यावर आली. यांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि मग सांगितलं. रंगूनहून पायी परतताना कचरू तापानं वारला होता. बेचाळीसच्या मार्चात.

"मार्च म्हंजे ईस्टरच्या आधी का नंतर?"

"आधी."

तिनं पदर घट्ट आवळला. "म्हंजे मी नवस बोलले तवा मालक गेल्तेच." मग एकदम ओरडली, "मंग देवानं मला दोन वर्सं उभी कशाला ठेवली?"

एरवी यांना कशालाही वचन सापडायचं. त्या दिवशी यांनी उठून तिला पाण्याचा तांब्या आणून दिला. मलाही देवाचा राग आला होता, कशाला लपवू?

पुढच्या रविवारी ती यायची नाही, अशी माझी खात्री होती. ती आली. गीत संपलं, सगळे बसले. ती दाराशी थोडी थांबली, मग लंगडत आत येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसली.

"आज मागायला न्हाई आले, बाई," ती हळूच म्हणाली. "मागायचं संपलं. पण दोन वर्सं रोज सकाळी घागर उचलली, ती देवाशी भांडतच उचलली. त्याच्याबिगर कोण व्हतं? आता त्याला सोडून कुठं जाऊ?"

आणि तिनं डोळे मिटले. हे प्रवचनाला उभे राहिले.

मध्येच बाहेर गाडीची शिट्टी झाली. साळूबाई जागची हलली नाही. मी मात्र दोन वर्षांच्या सवयीनं दचकून उठले आणि भर प्रवचनात दाराकडे बघत उभी राहिले.